अ, ब आणि गजभिये साहेबांचा तक्ता

गोपाळराव गजभिये यांनी एका सरकारी खात्यात पस्तीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. त्यांनी काढलेल्या नकाशांवरून बांधलेलं सगळंच काही उभं राहिलं असं नाही, पण नकाशे मात्र असे होते की वरिष्ठ अभियंते ते पाहुण्यांना दाखवत. गोपाळराव पेन्सिलीला टोक करायला पाच मिनिटं घेत आणि साहेब ओरडले तर म्हणत, "सर, घाई असंल तर दुसऱ्याकडून करून घ्या." दुसरा आरेखक खात्यात नव्हताच.

निवृत्त झाल्यावर ही सगळी टोकदार बुद्धी दोन वर्षं घरात नुसती पडून होती. मग फेब्रुवारीत तो फोन आला.

फोन गोपाळरावांचा नव्हता, प्रेमिलाबाईंचा होता. प्रेमिलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, खापा गावातल्या शाळेत मुख्याध्यापिका. रोज सकाळी डबा घेऊन बसनं खाप्याला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. तीस जूनला त्या निवृत्त होणार होत्या. फोन वाजला तेव्हा त्या आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून गोपाळरावांनी उचलला. शाळेतल्या कामिनी मॅडम बोलत होत्या.

"सर, मॅडमच्या निरोपाचा कार्यक्रम ठरवून राहिलो आमी. फोटोग्राफर आतापासूनच सांगून ठेवू का? जूनमध्ये भेटत नाहीत."

"फोटोग्राफर कायले पाहिजे?" गोपाळराव म्हणाले. "मी आहो ना."

"सरांकडे कॅमेरा आहे?"

"डीएसएलआर," गोपाळराव म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे साधा कॅमेरासुद्धा नाही.

आता एवढा मोठा शब्द त्यांच्या तोंडून गेला कसा, याला कारण होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि या तेहेतीस वर्षांत प्रेमिलाबाईंचा एकही धड फोटो निघाला नव्हता. कॅमेरा दिसला की बाईंच्या अंगात शिक्षणाधिकारी संचारत. हनुवटी वर, ओठ बंद, डोळे असे की समोरच्याचा गृहपाठ राहिला आहे. पॅनकार्डावर तोच चेहरा, मतदार कार्डावर तोच आणि मेघाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, लग्नाच्या जाडजूड अल्बममध्येही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच. पुण्याहून आलेल्या व्याह्यांनी अल्बम पाहून हळूच विचारलं होतं, "विहीणबाई आमच्यावर रागावल्या होत्या का?"

आणि घरात हीच बाई हसायला लागली की खांदे गदगदत, चष्मा नाकावरून घसरत यायचा आणि तो सावरायचं भान तिला राहायचं नाही. हे गोपाळरावांनी हजारदा पाहिलं होतं, पण कागदावर कुठेही नव्हतं. आणि जे कागदावर नाही ते आहे असं मानायची गोपाळरावांना सवय नव्हती.

तर कॅमेरा घ्यायचा ठरला. आठवडाभर चौकशी करून त्यांनी नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतले दोन निवडले. बाकीचे एकेका ओळीत निकालात काढले. उरलेल्या दोघांसाठी मोठा कागद घेतला, उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं 'अ' आणि 'ब'. कंपन्यांची नावं लिहिली तर मन आधीच एका बाजूला झुकतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे हा तक्ता कॉलनीत इतका फिरला की खरी नावं कोणालाच आठवेनात. भाजी घेताना बायका एकमेकींना विचारत, "काय म्हणते वं तुमच्या गल्लीत, अ का ब?"

दोन्ही कॅमेरे चोवीस मेगापिक्सेलचे, दोन्हींची भिंगं सारखीच. फरक होता तो असा: 'अ'ला वायफाय होतं, 'ब'ची बॅटरी तिप्पट चालायची. 'अ'चे फोकसचे ठिपके नऊ, 'ब'चे अकरा. आणि वजन. 'अ' चारशे पंच्याहत्तर ग्रॅम, 'ब' चारशे पंधरा.

"साठ ग्रॅमचा फरक आहे," गोपाळरावांनी जेवताना जाहीर केलं.

"म्हणजे एक लिंबू," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि वरणावर पिळलं.

"लिंबू हातात धरणं वेगळं, अन् दिवसभर गळ्यात बांधणं वेगळं."

"मग बांधून पाहा."

बाई थट्टेत बोलल्या होत्या. गोपाळराव दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीच्या बाजारात होते.

इतवारीतले भैयाजी हे धान्याचे ठोक व्यापारी. त्यांच्याकडे माल पोत्यानं जातो, आणि त्या वेळी गल्लीत दोन हातठेले आणि एक टेम्पो एकमेकांत अडकून उभे होते. त्या गदारोळात गोपाळरावांनी शांतपणे सांगितलं, "तूरडाळ द्या. एक पुडी चारशे पंधरा ग्रॅमची, एक चारशे पंच्याहत्तरची."

भैयाजींनी कान पुढे केला. "किती क्विंटल म्हणाले जी?"

"ग्रॅम."

"अर्धा किलो घेऊन जा ना साहेब, दोन्ही अर्धा-अर्धा. वरचं माह्याकडून."

"वरचं नको. तेच तर नको आहे."

"डॉक्टरनं सांगितलं का?" भैयाजींनी आवाज खाली आणून विचारलं. मोजून डाळ खायची म्हणजे दुखणं मोठं असणार, असं समजून त्यांनी स्वतः काट्यापाशी बसून दाणा-दाणा काढून टाकत दोन्ही पुड्या बांधल्या आणि निघताना गोपाळरावांच्या पाठीवरून हात फिरवला.

तीन दिवस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी तूरडाळीची पुडी नाडीनं गळ्यात अडकवून गोपाळरावांनी कॉलनीला फेऱ्या मारल्या. मानेला कळ कधी लागते, याची नोंद घड्याळ लावून केली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वामनरावांनी त्यांना फाटकापाशीच अडवलं.

वामनराव काळमेघ एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर माईकवरून गाड्या सोडल्यामुळे ते कानातलं गुपितसुद्धा तीन फलाटांना ऐकू जाईल असं सांगत.

"काय गा गोपाळराव! गळ्यात काय बांधून फिरून राहिला? नजर लागली का?"

"कॅमेरा आहे," गोपाळराव म्हणाले. "म्हणजे त्याचं वजन आहे."

"आत काय आहे?"

"तूरडाळ."

वामनरावांनी पुडी बोटानं दाबून पाहिली. मग आत बघून ओरडले, "अवं, चहा ठेव वं! गोपाळराव आला आहे, त्याले बरं नाही!"

चहाबरोबर गोपाळरावांनी त्यांना तक्ता समजावून सांगितला. हीच चूक झाली. त्या दिवसापासून वामनरावांना तक्त्याचा नाद लागला. रोज संध्याकाळी ते येत, तक्ता मांडीवर घेत आणि सल्ला देत. सोमवारी म्हणत, "अ घे. अ म्हणजे पयला." मंगळवारी, "ब घे गा, बॅटरी महत्त्वाची. गाडी कितीही चांगली असो, डिझेल नसंल तर डेपोतच उभी राहीन." पाहुणे आले की त्यांनाही दाखवता यावा म्हणून एक दिवस ते तक्त्याची झेरॉक्स काढून घेऊन गेले. गोपाळरावांना बरं वाटलं. खात्यात पस्तीस वर्षांत त्यांच्या कागदाची झेरॉक्स कोणी हौसेनं मागितली नव्हती.

एप्रिल आला. सदर बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गोपाळरावांची ही सहावी खेप होती. दुकानाचे मालक हर्षितभाई चाळिशीचे, सभ्य गृहस्थ. पहिल्या खेपेला त्यांनी थंड पाणी दिलं होतं, दुसऱ्या खेपेला चहा, आता नुसतेच नमस्कार करत.

"साहेब, सच बोलू का? दोन्ही सेम आहेत. कोणताही घेऊन टाका."

हे वाक्य गोपाळरावांना फार लागलं. ज्या माणसानं दोन रेघांमधला अर्ध्या मिलीमीटरचा फरक डोळ्यांनी ओळखला, त्याला तोंडावर 'सेम' म्हणायचं!

"सारखे आहेत हे सिद्ध करा लागते," ते म्हणाले. "एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच माणसाचा फोटो दोन्हीनं काढून पाहा लागते."

"कोणाचा फोटो काढायचा आहे तुमाले? बर्ड्स? वाईल्डलाईफ?"

गोपाळराव थोडे अडखळले. "घरच्यांचा," ते म्हणाले आणि काउंटरवरच्या काचेतून खाली पाहायला लागले.

हर्षितभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांचं दिल पिघळलं. रविवारी सकाळी दुकानातले दोन्ही नमुने घेऊन ते स्वतः बगीच्यात यायला कबूल झाले.

बगीचा कॉलनीपासून जवळच. रविवारी सात वाजता गोपाळराव, प्रेमिलाबाई आणि दोन कॅमेरे गळ्यात घातलेले हर्षितभाई फाटकाशी पोचले. फाटकावर देवराव नावाचे पहारेकरी खुर्ची टाकून बसले होते.

"मोठा कॅमेरा आत चालत नाही जी. बोर्ड पाहा."

बोर्डावर लिहिलं होतं: 'उद्यानात व्यावसायिक छायाचित्रण, गुरेढोरे व फटाके यांस सक्त मनाई.'

"मी व्यावसायिक नाही. रिटायर्ड आहो."

"रिटायर्ड व्यावसायिक का?"

"रिटायर्ड सरकारी!"

"मग तर तुमाले मालूम असंल," देवराव समजुतीनं म्हणाले. "अर्ज करा लागते."

प्रेमिलाबाई आत जाऊन तीन चकरा मारून आल्या, कारण त्यांच्यावर मनाई नव्हती. हर्षितभाई दुकान उघडायला निघून गेले. आणि गोपाळराव घरी येऊन अर्ज लिहायला बसले, कारण अर्ज करा म्हटल्यावर न करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

वॉर्ड कार्यालयातल्या बाबूनं अर्ज बाजूला सारला आणि छापील नमुना पुढे केला. चित्रीकरणाचा प्रकार: चित्रपट, मालिका, जाहिरात, विवाहपूर्व.

"माह्यं यातलं एकही नाही," गोपाळराव म्हणाले.

"विवाहपूर्वावर टिक करा. लवकर होते."

"माह्या लग्नाले तेहेतीस वर्षं झाली!"

"मग चित्रपटावर करा. नायिका कोण?"

"नायिका म्हणजे... पत्नी आहे."

"नायिकेचा ना-हरकत दाखला जोडा लागीन," बाबू म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

आता नायिका मुख्याध्यापिका होती, हे विसरून चालणार नाही. गोपाळरावांनी घरी येऊन दाखल्याचा मसुदा टेबलावर ठेवला. प्रेमिलाबाईंनी चष्मा लावून तो वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि समासात लाल शाईनं शेरा मारला: 'प्रयोजन स्पष्ट नाही. अर्जदाराने समक्ष भेटावे.'

"समक्षच तर बसलो आहो!"

"संध्याकाळी भेटा. आता डबा भरून राहिली."

संध्याकाळी त्या चहा पीत विचारत्या झाल्या. "माझाच फोटो कायले पाहिजे? देवरावाचा काढा."

गोपाळरावांना खरं उत्तर देता आलं असतं. पण तेहेतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला समोरासमोर असं काही सांगायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, "कातडीचा रंग कसा येते ते पाहा लागते. तक्त्यात रकाना आहे."

"रकाना आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि सही केली. पण सही जरा जोरात केली. कागद फाटला. दुसरा करावा लागला.

अर्ज गेला. मे संपला, कूलरची टाकी भरता-भरता जून उजाडला, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परवानगी आली, शिक्क्यासकट. 'दिनांक ३० जून रोजी सकाळी ११ ते १ या वेळेत.'

म्हणजे नेमक्या त्याच वेळी, ज्या वेळी नायिकेचा खाप्याला सत्कार होता.

गोपाळराव त्या दिवशी जेवले नाहीत. अठ्ठावीस जूनला रात्रीचं जेवण आटोपल्यावर त्यांनी चाचणीविनाच तक्त्याची बेरीज केली. 'अ'ला शंभरपैकी साडेसत्त्याऐंशी गुण मिळाले. 'ब'लाही साडेसत्त्याऐंशी. त्यांनी 'बटणाचा आवाज' असा नवा रकाना काढला. त्यातही दोघे बरोबरीत सुटले.

"कामिनी मॅडमले फोन करू का?" प्रेमिलाबाई दारातून म्हणाल्या. "खाप्यात एक फोटोग्राफर आहे म्हणे. रिकामा असंल तर..."

"काहून? मी मेलो का?"

"नाही. तुमी बेरीज करून राहिले," बाई म्हणाल्या आणि दिवा घालवला.

एकोणतीसला दुपारी गोपाळराव सदरला गेले. मनाशी ठरवून गेले की दारातून आत पाय टाकल्यावर जो आधी दिसेल तो घ्यायचा. हर्षितभाईंनी त्यांना पाहिलं आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि त्यांचा चेहराच पडला.

"साहेब, 'ब' संपला. चार हफ्ते लागतील."

"मग 'अ' द्या."

"'अ'चा लास्ट पीस आज सकाळीच गेला. तुमच्याच कॉलनीचे होते. उंच, आवाज मोठा. तुमचा तक्ता घेऊन आले होते. झेरॉक्स."

गोपाळराव घरी कसे आले ते त्यांना कळलं नाही. वामनराव ओसरीवरच बसले होते. गळ्यात नवाकोरा 'अ' होता.

"वामनराव!"

"अरे बाप्पा, मी काय करू गा? चार महिने तू रोज माह्यासमोर वाचून राहिला. माह्या मनात भरला!"

"पण तुमाले काढता येते का फोटो?"

"चालूच होत नाही," वामनराव प्रथमच हळू आवाजात म्हणाले. "सकाळपासून पाहून राहिलो. बटण कोठी आहे?"

गोपाळरावांनी दोन्ही कॅमेऱ्यांची माहितीपुस्तकं तोंडपाठ केली होती. त्यांनी दुरूनच बोटानं दाखवलं. कॅमेरा चालू झाला. मग अपमान गिळून, घसा साफ करून, त्यांनी तो एका दिवसासाठी मागितला.

"देतो ना! पण तुह्या वहिनीनं शपथ घातली आहे, गळ्यातून काढायचा नाही. मागचा मोबाईल मी बसमध्ये विसरलो होतो. असं कर, गळा माहा, डोळा तुहा."

तीस जूनला अकरा वाजता खाप्याच्या शाळेत मांडवाखाली कार्यक्रम सुरू झाला. सावित्रीबाई आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, स्वागतगीत झालं, केंद्रप्रमुख साहेब पुढच्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. आणि मांडवात फोटोग्राफर आले.

त्यांचं वर्णन करणं अवघड आहे. कॅमेरा वामनरावांच्या छातीवर लोंबत होता. आणि कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावायचा तर गोपाळरावांना वामनरावांचं पोट आणि कॅमेरा यांच्यामध्ये डोकं घालावं लागत होतं. पट्टा दोघांच्या मानेभोवती बसला होता. वामनराव उंच असल्यानं ते गुडघे वाकवून चालत, आणि गोपाळराव त्यांच्यापुढे पाठ टेकून. डावीकडे जायचं तर दोघांनी एकदम पाऊल टाकायचं.

"डावा!" गोपाळराव पुटपुटत.

"डावा!" वामनराव घोषणा करत.

पोरं तोंडावर हात ठेवून बसली होती. गोपाळरावांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. आपण खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेले गृहस्थ आहोत, हे ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. तासाभरात त्यांनी चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत प्रेमिलाबाई गृहपाठ न केल्याबद्दल समोरच्याकडे पाहत होत्या.

मग त्या भाषणाला उठल्या. गोपाळरावांनी सलग फोटोंचं बटण लावलं, म्हणजे एखादा तरी बरा निघेल. बाई बोलायला लागल्या आणि गोपाळराव वामनरावांना ढकलत अगदी मंचापाशी आले. तेवढ्यात मागून आलूबोंड्यांची परात आली.

वामनराव वासाच्या दिशेनं वळले. वामनराव वळले म्हणजे पट्टा वळला, पट्टा वळला म्हणजे गोपाळराव वळले. गोपाळराव ओरडले, "उजवा नाही, डावा!" आणि वामनरावांनी दोन्ही पाय एकदम टाकले. ते दोघे एका गळ्यानं मागे गेले आणि केंद्रप्रमुख साहेबांच्या मांडीवर बसले.

गोपाळरावांचं बोट बटणावरच होतं. कॅमेरा आपला खटाखट चाललाच होता.

मग लाऊडस्पीकरमधून एक आवाज आला. सुरुवातीला कोणाला कळलं नाही तो कसला आवाज आहे, कारण मॅडमना असं हसताना खाप्यात कोणी ऐकलंच नव्हतं. प्रेमिलाबाई माईक धरून हसत होत्या. मग पोरं हसली, मग मास्तर लोक, आणि शेवटी, मांडीवरची माणसं उतरल्यावर, केंद्रप्रमुखही.

परतीच्या बसमध्ये गोपाळराव वामनरावांच्या शेजारी बसले, कारण कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता. त्यांनी मागच्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला. मांडवाचं छत, साहेबांचा कान, आलूबोंडा, पुन्हा छत. आणि मग एक. खांदे वर आलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे मिटलेले, तोंड उघडं. फोटो तिरपा आला होता, कोपऱ्यात माईकचा दांडा आडवा गेला होता. बस पाटणसावंगीला पोचेपर्यंत गोपाळराव तो फोटो पाहत राहिले.

पुढच्या सीटवरून प्रेमिलाबाईंनी हात मागे केला. वामनरावांना मान पुढे करावी लागली.

"ही मी आहो?" बाईंनी विचारलं.

"तिरपा आला," गोपाळराव म्हणाले. "चौदा अंश. सरळ करता येते."

"हात लावाल तर पाहा." बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "यासाठी होता का तो रकाना?"

गोपाळरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्या रात्री कॉलनीच्या ग्रुपवर तो फोटो झळकला. खाली लिहिलं होतं: 'छायाचित्र: वामनराव काळमेघ.' एकाहत्तर लोकांनी अभिनंदन केलं. भैयाजी इतवारीवाल्यांनासुद्धा तो कुठूनसा पोचला आणि त्यांचा निरोप आला की घरच्या बाई एवढ्या हसतात म्हणजे साहेबांची तब्येत सुधारली, आनंद झाला. गोपाळरावांनी दुसऱ्याच दिवशी मोठा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि दिवाळीपर्यंत स्वतःचा कॅमेरा घ्यायचाच, या निश्चयानं नव्या रेघा मारायला घेतल्या.

जुलैच्या एका शनिवारी प्रेमिलाबाई सदरला छत्री घ्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा छत्री नव्हती, एक खोकं होतं.

"हर्षितभाईचं दुकान रस्त्यातच पडलं," त्या म्हणाल्या. "रिकामीच आहो आता. म्हटलं शिकू."

"कोणता घेतला?" गोपाळरावांचा आवाज चिरकला. "अ?"

"नाही."

"मग ब आला का?"

"नाही. हा हातात बरा बसला."

गोपाळरावांनी खोकं फिरवून नाव वाचलं. तिसरीच कंपनी होती. फेब्रुवारीत त्यांनी जिला एका ओळीत निकालात काढलं होतं, तीच.

"किती वेळ लागला तुले?"

"दहा मिनिटं. त्यात चहा होता."

"फोकसचे ठिपके किती याचे? वजन किती? बॅटरी..."

"तिथं उभे राहा, खिडकीपाशी. चेहऱ्यावर उजेड येऊ द्या."

गोपाळराव खिडकीपाशी गेले. हनुवटी आपोआप वर झाली, हात मांड्यांना चिकटले. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला.

"हसा ना थोडं."

"मी हसूनच राहिलो."

बाईंनी कॅमेरा डोळ्यावरून हलवला नाही. गोपाळरावांची नजर खोक्यातून बाहेर आलेल्या पावतीवर गेली आणि त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली.

"सात दिवसांच्या आत वापस करता येते," ते म्हणाले.

"काय? कॅमेरा का नवरा?" प्रेमिलाबाईंनी विचारलं, आणि गोपाळराव उत्तर शोधायला तोंड उघडून वर पाहतात न पाहतात, तोच बाईंनी बटण दाबलं.